काउंट वाढवायच्या इंजेक्शननंतर हाडं ठणकतात, आई पुढचं इंजेक्शन घ्यायला नाही म्हणतेय

अर्धवटझोप

नमस्कार, इथे पहिल्यांदाच लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या. आईला ब्रेस्ट कॅन्सर, वय ६६, ऑपरेशन झालंय आणि आता केमो चालू आहे, डोसिटॅक्सेल आणि सायक्लोफॉस्फामाइड, दर २१ दिवसांनी, एकूण चार सायकल, त्यातल्या दोन झाल्या. पहिलीनंतर पांढऱ्या पेशी एवढ्या पडल्या की नवव्या दिवशी थंडी वाजून ताप आला आणि पाच दिवस ॲडमिट, एएनसी, म्हणजे इन्फेक्शनशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, तेव्हा २०० होता. म्हणून दुसऱ्या सायकलला डॉक्टरांनी काउंट वाढवायचं इंजेक्शन दिलं, पेगफिलग्रास्टिम, ६ मिलिग्रॅम, केमोच्या दुसऱ्या दिवशी पोटात एकच.

ताप खरंच नाही आला यावेळी. पण इंजेक्शनच्या दुसऱ्या रात्री जे सुरू झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. कंबर, खुबे, मांड्या, आणि छातीच्या मधल्या हाडात असा ठणका की आई म्हणे कुणीतरी आतून हाड पिळतंय. आम्हाला वाटलं हार्टचंच काही, रात्री अडीचला इमर्जन्सीत जाऊन ईसीजी काढला, तो नॉर्मल, तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की इंजेक्शनमुळे आहे, पॅरासिटामॉल द्या. दिली. काही फरक नाही. चार दिवस आई बसून होती, आडवं पण होता येईना.

त्यात घाईघाईने सीबीसी, ती रक्तपेशी मोजायची तपासणी, केला तर डब्ल्यूबीसी, म्हणजे पांढऱ्या पेशी, ३८,०००! आणि खाली मायलोसाइट, मेटामायलोसाइट असं काय काय लिहिलेलं. भावाने ते नेटवर शोधलं आणि ब्लड कॅन्सर वगैरे वाचून पांढराफटक पडला.

आता पुढच्या आठवड्यात तिसरी सायकल आहे आणि आई म्हणतेय केमो परवडली पण ते पोटातलं इंजेक्शन नको. मला तिच्यावर जबरदस्ती करायची नाहीये पण परत एएनसी २०० पण बघायचा नाहीये. हे दुखणं सगळ्यांनाच होतं का? दर वेळी एवढंच होतं का? इंजेक्शन टाळलं तर चालतं का? कुणी यातून गेलं असेल तर प्लीज सांगा.

टक्कलबाई

अगं तुझं वाचून माझीच कंबर दुखायला लागली. मी सहा सायकल काढल्या, पाचांना पेग, म्हणजे हेच पेगफिलग्रास्टिम, होतं.

आधी तुझ्या आईला सांग की ती नाटक करत नाहीये आणि ती नाजूक पण नाहीये. मी दोन बाळंतपणं काढलीत आणि तरी त्या पहिल्या पेगच्या रात्री मी रडले. माझं दुखणं नाडीबरोबर यायचं, ठण, ठण, ठण, जसं दुखऱ्या दाढेत येतं ना तसं पण अख्ख्या माकडहाडात आणि खुब्यात. बसलं तरी तेच, झोपलं तरी तेच, उभं राहून भिंतीला कपाळ टेकवलं की दोन मिनिटं बरं वाटायचं, का ते देव जाणे.

माझ्या बाबतीत पहिल्या पेगला सगळ्यात जास्त दुखलं, पुढच्या वेळी कमी कमी होत गेलं. सगळ्यांचं असंच होतं असं नाही पण बऱ्याच जणींकडून हेच ऐकलंय. आणि दुसरी गोष्ट, पुढच्या वेळी आपल्याला माहीत असतं की हे गुरुवारी येणार आणि रविवारी उतरणार, तेवढ्यानेच अर्धी भीती जाते. पहिल्या वेळी वाटतं कॅन्सर हाडात गेला.

माझी चूक काय झाली सांगते. दुसऱ्या सायकलआधी ओपीडीत डॉक्टरांनी विचारलं कसं होतं, मी म्हटलं ठीक होतं. ठीक! चार रात्री जागून काढल्या होत्या आणि मी म्हणते ठीक. कारण बाहेर चाळीस पेशंट बसलेले, डॉक्टरांचा वेळ कशाला घ्या. मग माझ्या बहिणीने आत येऊन सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी औषधं बदलली, इंजेक्शनच्या आधीच्या दिवसापासून लोराटाडीन, ती ॲलर्जीची गोळी असते ना तीच, आणि दुखायला लागलं तर नॅप्रोक्सेन, सोबत ॲसिडिटीची गोळी. मला फरक पडला, किती गोळीमुळे आणि किती दुसरी वेळ होती म्हणून ते सांगता येणार नाही.

गरम पाण्याच्या पिशवीने शेकलं की बरं वाटतं पण जपून!! माझी बोटं केमोने बधिर झालेली, पिशवी किती तापलीय ते हाताला कळलंच नाही, मांडीवर हे एवढं भाजून घेतलं. आता त्याचा डाग आहे, पेगची आठवण. पिशवी भरायची आणि तपासायची दुसऱ्या कुणीतरी.

आणि एक वही कर. कितवा दिवस, कुठे दुखलं, दहापैकी किती, काय घेतलं, ताप किती. ओपीडीत तीच वही पुढे करायची, मग ठीक होतं म्हणायची सोयच उरत नाही.

सरळसोट

एवढं काही नसतं त्यात. आमच्या वडिलांना पण होतं हे. इंजेक्शनच्या दिवसापासूनच सकाळ संध्याकाळ डायक्लो चालू करून टाका, वाट कशाला बघायची, दुखायला लागायच्या आतच मारायचं. थोडा ताप येतोच त्या इंजेक्शनने, घाबरायचं नाही, तो पण त्याच गोळीने उतरतो.

रात्रपाळी

मी ऑन्कोलॉजी वॉर्डमध्ये नर्स आहे, बरीच वर्षं झाली. इथे सहसा फक्त वाचते पण वरचा सल्ला वाचून राहवलं नाही.

सरळसोट दादा, राग मानू नका, वडिलांना त्याने बरं वाटलं असेल, पण ताप उतरतो म्हणूनच ती गोळी धोक्याची आहे. केमोनंतर काउंट पडलेले असताना इन्फेक्शन झालं तर ना पू होतो ना सूज येते, कारण ते करायला पेशीच नसतात. ताप ही एकच खूण हातात असते. डायक्लो, नॅप्रोक्सेन, ब्रुफेन, पॅरासिटामॉल, सगळीच ताप झाकतात. इंजेक्शनमुळे कधीकधी थोडी कणकण येते हे खरंय, पण ती इंजेक्शनची की इन्फेक्शनची हे घरी बसून कुणालाच ओळखता येत नाही, मलाही नाही. म्हणून आमच्याकडे एकच नियम पाठ करून घेतो, दुखण्याची कुठलीही गोळी घ्यायच्या आधी थर्मामीटर. आधी थर्मामीटर, मग गोळी. १००.४ च्या वर गेलं तर गोळी बाजूला ठेवायची आणि हॉस्पिटलला फोन, रात्रीचे तीन वाजले असले तरी, सकाळची वाट बघायची नाही.

दुसरं म्हणजे या पेनकिलर्सनी किडनीवर ताण येतो, पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि केमोमध्ये प्लेटलेट आधीच कमी असतात. म्हणून क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, आणि प्लेटलेट बघून डॉक्टरच ठरवतात कोणाला द्यायची आणि किती दिवस. सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध चालू असलेल्या पेशंटला तर आम्ही मनाने ब्रुफेनसुद्धा घेऊ देत नाही. बीपी असेल, रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल तर तेही सांगायचं.

आता अर्धवटझोप ताई, तुमचे प्रश्न.

हाडं का दुखतात. रक्ताच्या पेशी तयार होतात हाडांच्या आतल्या मगजात, बोन मॅरोत. मोठ्या माणसात तो मुख्यतः कमरेचं हाड, मणके, छातीचं मधलं हाड, बरगड्या, मांडीच्या हाडाचं वरचं टोक इथे असतो, आणि आईंचं दुखणं बघा, नेमकं तिथेच आहे. या इंजेक्शनने तिथलं काम एकदम जोरात सुरू होतं, आत गर्दी होते, हिस्टामाइनसारखी, ॲलर्जीत सुटतात तशी, रसायनं सुटतात, आजूबाजूच्या नसा हुळहुळ्या होतात. लोराटाडीन देतात ते या हिस्टामाइनच्या हिशोबाने, काहींना छान लागू पडतं, काहींना अजिबात नाही, अभ्यासांमधेही उलटसुलट निकाल आलेत. नॅप्रोक्सेनवर ५१० पेशंटचा एक चांगला अभ्यास २०१२ मध्ये आला होता, त्यात नॅप्रोक्सेन न घेणाऱ्यांत साधारण ७१ टक्के लोकांची हाडं दुखली आणि घेणाऱ्यांत ६१ टक्के. म्हणजे फायदा आहे पण जादू नाही. हो, आणि या आकड्यांवरून तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर पण मिळतं, बहुतेकांना थोडंफार दुखतंच.

अजून एक गोष्ट जी कुणी सांगत नाही. डोसिटॅक्सेलसोबत डेक्सामेथासोनच्या गोळ्या असतात, साधारण केमोच्या आदल्या दिवसापासून तीन दिवस. त्या स्टेरॉइडवर पेशंट एकदम टुणटुणीत असतो, घर आवरायला काढतो. आणि त्या संपतात नेमक्या तेव्हाच पेग चढायला लागतं, शिवाय डोसिटॅक्सेलचं स्वतःचं अंगदुखीचं टायमिंग पण तेच. तिन्ही एकाच रात्री गाठतात. त्यामुळे सगळा दोष त्या एका इंजेक्शनवर टाकून ते बंद केलं तरी दुखणं पूर्ण जाईलच असं नाही, हे आईंना जरूर सांगा.

३८,००० बद्दल. घाबरू नका, ही खूप कॉमन भीती आहे. इंजेक्शननंतर पहिल्या दोनेक दिवसांत मॅरो आपली शिल्लक रक्तात ओतून टाकतो, त्यात अर्धवट वाढलेल्या पेशी पण बाहेर पडतात, तेच ते मायलोसाइट मेटामायलोसाइट. मग केमोचा परिणाम दिसायला लागतो आणि काउंट खाली येतात, आणि मग परत वर. म्हणून चौथ्या दिवशीचा सीबीसी बघून ना घाबरायचं ना खूश व्हायचं. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच करा. रक्ताच्या नमुन्यासोबत लॅबला लिहून द्या की पेग झालंय. पेट स्कॅन ठरला असेल तर तिथेही सांगायचं, कारण या इंजेक्शननंतर सगळी हाडं स्कॅनमध्ये उजळलेली दिसू शकतात आणि मग नसता घोर लागतो.

इंजेक्शन टाळायचं का. हे मी ठरवणार नाही आणि तुम्हीही घरी ठरवू नका, पण विचारायला काय काय आहे ते सांगते. वय ६५ च्या वर आणि एकदा तापाने ॲडमिट, म्हणजे आईंना परत तसं व्हायचा धोका जास्त आहे, म्हणून डॉक्टर सहजासहजी बंद करणार नाहीत. पण पेगऐवजी साधं फिलग्रास्टिम रोज एक असं काही दिवस देता येतं. साधं असतं ते काही तासांत शरीरातून निघून जातं म्हणून रोज टोचावं लागतं. पेग मात्र बराच काळ टिकतं, आणि ते संपवायचं काम मुख्यतः न्यूट्रोफिल, म्हणजे इन्फेक्शनशी लढणाऱ्या त्या पांढऱ्या पेशीच करतात, काउंट वाढले की त्याच त्याला खाऊन टाकतात. मला हे पहिल्यांदा शिकवलं तेव्हा फार भारी वाटलं होतं. तर रोजच्या इंजेक्शनने काहींना कमी दुखतं, काहींना तेवढंच, पण मधेच थांबवता येतं हा फायदा. केमोचा डोस कमी करणं किंवा सायकल पुढे ढकलणं हे पण पर्याय असतात, पण बरं करायच्या हेतूने केमो चालू असताना डॉक्टर ते शेवटी ठेवतात.

आणि हे नीट वाचा. डाव्या बाजूला बरगडीखाली किंवा डाव्या खांद्याच्या टोकाला दुखायला लागलं तर ते हाडाचं दुखणं समजू नका, प्लीहा सुजून फुटायचा धोका असतो, फार क्वचित होतं पण होतं. दम लागणं, अंगावर पुरळ, चेहरा ओठ सुजणं, एकदम सूज येऊन लघवी कमी होणं, चक्कर, यातलं काहीही झालं तर थेट इमर्जन्सी. छातीत दुखलं म्हणून रात्री अडीचला तुम्ही गेलात ते शंभर टक्के बरोबर केलंत. तिथे ईसीजी नॉर्मल आला म्हणून पुढच्या वेळी जायचं नाही असं करू नका.

सरळसोट

तापाचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. वडिलांचं नशीब म्हणायचं. मान्य.

दोनचाकी

थोडं वेगळं पण याच घरातलं. माझ्या बायकोला पांढऱ्या पेशींचं नाही, हिमोग्लोबिन वाढवायचं इंजेक्शन चालू होतं, एरिथ्रोपोएटिन. बरेच लोक या सगळ्याला सरसकट काउंटचं इंजेक्शन म्हणतात आणि गोंधळ होतो, आमचाही झाला होता, मी दोन आठवडे समजत होतो की याने इन्फेक्शनपासून संरक्षण मिळतंय. नाही मिळत. पेग पांढऱ्या पेशींचं, हे लाल पेशींचं, प्लेटलेटना दोन्हीचा उपयोग नाही.

त्याचे त्रास पण वेगळे. हाडं फार नाही दुखली, थोडं फ्लू आल्यासारखं अंग मोडून यायचं, पण बीपी चढायचं. रोज घरी मोजायचो, एके दिवशी १७०, फोन केला तर पुढचा डोस थांबवला. मुख्य भीती रक्ताच्या गुठळीची, आम्हाला बजावलं होतं की एकाच पायाची पोटरी सुजली, दुखली, गरम लागली किंवा अचानक दम लागला की लगेच यायचं. आणि हे इंजेक्शन सगळ्यांना देतही नाहीत, २००७ साली अमेरिकेच्या एफडीएने त्यावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला, बरं करायच्या हेतूने केमो असेल तर शक्यतो देत नाहीत, हिमोग्लोबिन १० च्या खाली असेल तरच विचार करतात. बायकोचा आजार पसरलेला आहे म्हणून आमच्या डॉक्टरांनी दिलं. परिणाम दिसायला महिना गेला, तोवर आम्ही रोज रिपोर्ट मागत होतो, लॅबवाला वैतागला. मधे कळलं की शरीरात लोहच कमी आहे, विटा नसताना गवंडी बोलावल्यासारखं चाललं होतं. लोह सलाइनमधून दिल्यावर मग हललं.

टक्कलबाईंची वहीची आयडिया आम्ही पण वापरली, फक्त मी लिहायचो आणि बायको चुका काढायची.

अर्धवटझोप

तुम्हा सगळ्यांना काय बोलू, मी आईला सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. स्टेरॉइडवर घर आवरायला काढतो हे ऐकून ती पहिल्यांदा हसली, कारण केमोच्या संध्याकाळी तिने खरंच सगळी कपाटं रिकामी केली होती आणि तो ढीग अजून तसाच पडलाय.

रात्रपाळी ताई, एक छोटं विचारायचं होतं, इंजेक्शन घरी फ्रीजमध्ये असतं आणि शेजारची एक ओळखीची नर्स येऊन देते, ते टोचतानाच आईला खूप झोंबतं. आणि ते केमोच्या दिवशीच देऊन टाकलं तर एक फेरी वाचेल का?

रात्रपाळी

फेरी वाचवू नका, केमोनंतर किमान २४ तास गेले पाहिजेत, नाहीतर नुकत्याच जाग्या झालेल्या नव्या पेशीच केमोत मरतात. तसंच पेगनंतर पुढच्या केमोपर्यंत १४ दिवस तरी हवेत, २१ दिवसांच्या सायकलमध्ये ते आपोआप होतं.

झोंबतं ते बहुतेक थंडगार टोचल्यामुळे. अर्धा तास आधी फ्रीजबाहेर काढून ठेवायचं, पण गरम पाण्यात वगैरे बुडवायचं नाही आणि हलवायचं तर अजिबात नाही. फ्रीजमध्ये २ ते ८ डिग्री, बर्फाच्या कप्प्यात चुकूनही नको. बेंबीपासून दोन इंच सोडून, दर वेळी जागा बदलून, हळूहळू. टोचल्यावर चोळायचं नाही.

टक्कलबाई

आणि कपाटाचा ढीग तसाच राहू दे गं. पुढच्या केमोच्या संध्याकाळी लावेल ती.

अर्धवटझोप

अपडेट द्यायचं राहिलं होतं, आज सोळावा दिवस आहे तिसऱ्या सायकलचा.

ओपीडीत आईने स्वतः सांगितलं, वही उघडून, मी गप्प. डॉक्टर म्हणाले हे तेव्हाच फोन करून का नाही सांगितलंत. रोजच्या फिलग्रास्टिमचा पर्याय त्यांनी दिला पण आई म्हणाली सात दिवस टोचून घेण्यापेक्षा एकदाच काय ते. क्रिएटिनिन आणि प्लेटलेट ठीक होते, बीपी नाहीये, म्हणून नॅप्रोक्सेन पाच दिवस जेवणानंतर, ॲसिडिटीची गोळी, लोराटाडीन आदल्या दिवसापासून, आणि अगदीच सहन झालं नाही तर ट्रामाडॉल, ती जास्त जोराची पेनकिलर, त्याने बद्धकोष्ठता होते म्हणून त्याचं पण औषध आधीच लिहून दिलं. ट्रामाडॉल एकदाच लागली, तिसऱ्या रात्री.

दुखलं. नाही असं नाही. मागच्या वेळी वहीत आईने दहापैकी बारा लिहिलं होतं, यावेळी सहा, एका रात्री सात. पण आडवी झोपली. मधे पाचव्या दिवशी गोळीच्या आधी थर्मामीटर लावला तर ९९.८ आलं, माझे हातपाय गार, तासाभराने परत लावला ९९.१, मग फोन करून विचारलं, त्यांनी दर दोन तासांनी बघायला सांगितलं आणि तेवढ्यावर राहिलं. बाराव्या दिवसाचा डब्ल्यूबीसी ९,२००. भावाने यावेळी नेट उघडलं नाही.

चौथी आणि शेवटची सायकल पुढच्या आठवड्यात. आईने वहीत पुढची पानं आधीच आखून ठेवलीत, दुखणं, ताप, गोळी, आणि एक नवीन रकाना केलाय, झोप.

एक विचारायचं होतं, तोंडात बारीक फोड आलेत, गिळताना त्रास होतोय. इथेच विचारू का वेगळा धागा काढू?

रात्रपाळी

वेगळा काढा, म्हणजे बाकीच्यांना सापडेल. पण आधी डॉक्टरांना फोन करून सांगा, धागा नंतर.